बापांच्या सभेतलं माझं भाषण

अप्पा,

समोर असता तर मी 'तुमी' म्हणाले असते. लिहायला बसलं की 'तुम्ही' होतं. नोकरीत अहवाल लिहून लिहून हाताला तेच वळण पडलंय, तेवढं चालवून घ्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की डोंगरकड्याच्या गुरांच्या दवाखान्यात आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नसेल. बैलाला उभं करायचा तो लोखंडी खोडा तेवढा असेल. तुमच्या हुद्द्याचं सरकारी नाव पट्टीबंधक होतं, गाव मात्र तुम्हाला डॉक्टरचा माणूस म्हणायचं. उधळलेला गोऱ्हा शिंगाला धरून एकट्यानं खाली बसवणारा माणूस, अशी तुमची ख्याती होती. मला तुम्हाला सेनगावच्या एका दिवसाबद्दल लिहायचंय. तो दिवस तुम्हालाही ठाऊक आहे, तुम्ही तिथं होतात. पण तिथवर यायला मला मागून सुरुवात करावी लागणार, कारण त्या दिवशी मी जे केलं त्याची मुळं माझ्या चौथीच्या वर्गापर्यंत जातात.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि धाकटा भाऊ सव्वा वर्षाचा. आत्यानं तुमच्यासाठी दुसरी बायको बघायला सुरुवात केली होती. तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला कधी कळलं नाही, पण ती रुसून गेली आणि दोन वर्षं आली नाही. तुम्ही धाकट्याला दवाखान्यात न्यायला लागलात. व्हरांड्यात दोन खांबांना आईचं जुनं लुगडं बांधून झोळी केली होती. एका हातानं बैलाच्या जखमेवर औषध ओतताय आणि पायाच्या अंगठ्यानं झोळीची दोरी ओढताय, असे तुम्ही मला आजही दिसता. गुरं घेऊन आलेली माणसं हसायची. कुणी म्हणायचं, डॉक्टरच्या माणसानं लुगडंच नेसायचं राहिलंय. तुम्ही पण हसायचात. मला ते कधी जमलं नाही. सकाळी तुम्ही मला ओसरीवर पुढ्यात घेऊन वेणी घालायचात. तुम्हाला दावं वळायची सवय, त्यामुळे माझी वेणीही दाव्यासारखीच घट्ट व्हायची, कपाळाची कातडी ओढली जायची. हाताला फिनेलचा वास. शाळेत पोरींनी माझं नावच 'दावं' ठेवलं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. वेणी मात्र शाळेच्या वाटेवर सोडून, माझी मी पुन्हा कशीबशी घालायचे.

सातवीत होते तेव्हा शाळेनं आयांची सभा ठेवली. मुलींच्या आयांनी यावं, अशी चिठ्ठी प्रत्येकीच्या वहीत लावून दिली होती. मी ती चिठ्ठी फाडून टाकली. तुम्हाला कुणीतरी बाहेरून सांगितलंच असणार. सभा चालू झाली आणि तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घालून, धाकट्याचं बोट धरून दारात आलात, चपला काढल्या आणि बायकांच्या मागं जाऊन बसलात. बायकांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. बाई म्हणाल्या, "मामा, ही आयांची सभा आहे." तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "माय न्हाई तिला. म्हून मी आलो." तुम्ही परत खाली बसलात आणि शेवटपर्यंत सगळं ऐकलंत, पोरींना काय खायला द्यावं, अंगात रक्त कमी असलं की काय होतं, सगळं. मी खिडकीबाहेर उभी होते. मला वाटत होतं, जमीन फाटावी.

घरी आल्यावर मी जेवले नाही. तुम्ही काहून, काहून विचारत राहिलात. शेवटी मी म्हणाले, "तुमी माझ्या शाळेत येत जाऊ नका. बाकीच्यांचे बाप येतात का कुणाचे?" तुम्ही भाकरी थापत होतात. हात थांबला नाही तुमचा. भाकर तव्यावर टाकलीत, पाणी फिरवलंत आणि म्हणालात, "बराबर हाये. न्हाई येत." त्यानंतर दहावीच्या निकालालाही तुम्ही शाळेच्या फाटकापाशीच थांबलात. तेव्हा सरकार बापांना बोलवत नव्हतं, अप्पा. कुणीच बोलवत नव्हतं. तुम्ही न बोलवता आला होतात.

आणखी एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आठवीत मी तीन दिवस शाळेत गेले नाही, पोट दुखतंय म्हणून भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तुम्ही काही विचारलं नाही. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक पुडा माझ्या उशापाशी ठेवलात आणि दाराकडं बघत म्हणालात, "डॉक्टरच्या मिसेसनं दिलंय तुझ्यासाठी. काही विचारायचं असलं तर त्यांच्याकडं जाय." पुढं कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नात, त्या बाई भेटल्या. मी त्या पुड्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्यांना काहीच आठवेना. मग म्हणाल्या, "मी नाही गं काही दिलं. तुझे वडील एकदा यांना विचारत होते, कळमनुरीच्या मेडिकलमध्ये काय मागायचं असतं म्हणून." मला अवघड होऊ नये म्हणून तुम्ही खोटं बोललात. तुमचं एवढं एकच खोटं मला माहीत आहे.

आता माझं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाले तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सेनगावला खोली केली होती, यांची नोकरी किनवटकडं, आणि पोरगी दोन वर्षांची. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होतात. मी बोलवायच्या आधीच पत्र्याची पेटी घेऊन आलात. मी सकाळी जीपनं गावं फिरायला निघायची आणि पोरगी दिवसभर तुमच्याकडं. हे महिन्यातून दोनदा यायचे. पोरगी रडली की तिला तुमच्याकडं द्यायचे आणि पेपर उघडायचे. मी काही म्हणायची नाही. त्याच सुमाराला वरून एक कार्यक्रम आला. बापांनी लेकरांत लक्ष घालावं, त्यांना जवळ घ्यावं, त्यांच्याशी बोलावं, खेळावं, दवाखान्यात न्यावं, यासाठी गावोगाव अंगणवाडीत बापांच्या सभा घ्यायच्या. सरकारनं चहापाण्याला तरतूद केली होती, रंगीत तक्ते पाठवले होते, आम्हाला परभणीला दोन दिवस शिकवलं होतं. तक्त्यावर एक बाप लेकराला भरवताना काढला होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. त्या चित्राकडं बघून माझ्या मनात तुमचा चेहरा आला नाही, हे आता आठवलं की नवल वाटतं.

पहिली सभा सेनगावजवळच्या एका तांड्यावर होती. सकाळची वेळ. सेविकेनं घरोघर जाऊन दहा-बारा माणसं आणून बसवली होती. ती भिंतीला टेकून, तंबाखू मळत बसलेली. मी तक्ते उलटत गेले, कुणाचं लक्ष नव्हतं. मग मिशीवाला एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या बापानं आमाला कधी मांडीवर घेतलं न्हाई. आमी काय मेलो का?" सगळे हसले. ते हसू मला ओळखीचं होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यातलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की माझ्या बापानं घेतलं. माझी वेणी घालायचा, भाकरी करायचा, आणि बैलही आडवा करायचा. शब्द ओठापर्यंत आले होते. पण मग ते तुम्हाला हसतील असं वाटलं. खरं सांगायचं तर मला हसतील असं वाटलं. मी म्हणाले, "माझ्याही वडिलांनी नाही घेतलं. मला अजून सलतं ते."

हसू थांबलं, अप्पा. एक जण तंबाखूचा हात झटकून नीट बसला. कोपऱ्यातला एक तरणा माणूस खाली बघत म्हणाला, "माझी पोरगी मी घरी आलो की कोठीच्या मागं लपते." मग दुसरा बोलला. तिसरा बोलला. सेविका मला निघताना म्हणाली, या माणसांना एवढं बोलताना तिनं कधी बघितलं नव्हतं. मी खुशीत घरी आले. पोरगी तुमच्या पाठीवर बसून घोडा घोडा करत होती.

पुढच्या गावी मी तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या. सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. मी त्या बापाला राग दिला, हातात छडी दिली. दहावीत पहिली आले तर त्यानं मान वर करून बघितलं नाही, असं सांगायला लागले. यातलं बरंचसं आपल्या शेजारच्या घरातून उचललेलं होतं, तुम्हाला ते घर ठाऊक आहे. मी नेहमी 'माझे वडील' म्हणायचे. अप्पा हा शब्द मी त्या सभांत एकदाही तोंडात येऊ दिला नाही, आला असता तर पुढं बोलता आलं नसतं. माझ्या गावांतल्या सभा चांगल्या होतात, असं कार्यालयात बोललं जाऊ लागलं. माणसं खरंच बदलत होती, सगळी नाही, पण काही. एक जण लेकराला खांद्यावर घेऊन डोस पाजायला आला, तेव्हा बायांनी त्याला वाट करून दिली. हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, अहवालापुरतं नाही.

मग सेनगावला तालुक्याचा मेळावा ठरला. मांडव, भोंगा, बापांना आणायला जीपा, वर पोहे-चहा. प्रकल्पाच्या मोठ्या मॅडम येणार होत्या आणि भाषण मला होतं. पोरीला दोन दिवस ताप होता, ती मला सोडेना, म्हणून तुम्ही तिला घेऊन बरोबर आलात. मी तुम्हाला मांडवामागच्या लिंबाखाली बसायला सांगितलं. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत जाणार, हे मला सुचलं नव्हतं. की सुचलं होतं आणि मी तिकडं लक्ष दिलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी उभी राहिले. दोन-तीनशे माणसं होती. मी त्या बापाचा राग सांगितला, छडी सांगितली, पाठीवरचे वळ सांगितले. "माझ्या केसांवरून त्यांचा हात कधी फिरला नाही," असं म्हणाले आणि समोर बघितलं तर मांडवाच्या तोंडाशी तुम्ही उभे. पोरगी तुमच्या खांद्यावर झोपलेली. तिच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून तुम्ही उपरणं धरलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. राग नव्हता तोंडावर. कुणी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलावं आणि आपण समजून घ्यायची खटपट करावी, तसे बघत होतात. माझा आवाज बंद पडला. माणसांना वाटलं मला भरून आलं. टाळ्या वाजायला लागल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत मला वेळ होता. टाळ्या संपल्या आणि मी पुढचं वाक्य बोलले, ठरलेलं होतं तसंच.

भाषण झाल्यावर मॅडम माझ्याबरोबर मांडवाबाहेर आल्या. तुम्ही तिथंच होतात. मॅडमनी पोरीला ओळखलं, तिच्या गालाला हात लावला आणि मला विचारलं, "आणि हे कोण?" मी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "गावाकडचे आहेत. लेकराला सांभाळायला आणलंय." तुम्ही पोरीला एका हातावर घेतलंत, दुसरा हात कपाळाला लावून मॅडमना नमस्कार केलात आणि म्हणालात, "व्हय, गावाकडचाच हाये मी." मग माझ्याकडं वळलात. "मॅडम, लेकराचा ताप उतरलाय. घरी घेऊन जाऊ का?"

मला तुम्ही मॅडम म्हणालात. त्या हुद्द्यासाठी मला शिकवताना तुम्ही दोन सदऱ्यांवर वर्षं काढली होती, आणि तो शब्द तुम्ही पहिल्यांदा उच्चारलात तो मला वाचवायला. मोठ्या मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "किती छान सांभाळतात हो हे. अशा माणसांना सभेत बोलवा, बोलतं करा." मी म्हणाले, "ते बोलत नाहीत."

कार्यक्रम आवरून मी खोलीवर आले. तुम्ही पोरीला भात भरवत होतात. मी पदर खोचून चहाला लागले, काहीतरी भांडी वाजवत राहिले. बराच वेळ गेल्यावर तुम्हीच विचारलंत, "ती माणसं आता घेतील का लेकरं जवळ?" मी म्हणाले, काही जण घेतील. तुम्ही म्हणालात, "मंग चांगलं काम हाये." पोरीचं तोंड पुसलंत. आणि मग, माझ्याकडं न बघता, हळूच म्हणालात, "बाकी सांगायचं ते सांग. मारलं तेवढं नको सांगू. तुझ्या मायला मी शब्द दिलता, लेकरांवर हात उचलणार न्हाई म्हून."

मी मान हलवली. एवढंच केलं. पाया पडले नाही, माफी मागितली नाही, असं का बोलले ते सांगितलं नाही. पुढच्या सभेपासून छडी आणि वळ काढून टाकले. बाकीची गोष्ट तशीच ठेवली. दोन वर्षांनी धाकट्याच्या घरी, डोंगरकड्याला, तीन दिवसांच्या दुखण्यानं तुम्ही वारलात. तिथंच मातीला होते मी, आत्याही आली होती, सगळे सांगत होते की असा बाप होणे नाही, आणि मी खाली मान घालून ऐकत होते. धाकट्याला वाटलं मी दुःखानं बोलत नाही. तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. चौथ्या दिवशी एका गावात बापांची सभा होती. सेविका म्हणाली, मॅडम, तुमची ती गोष्ट सांगा ना. मी सांगितली. वर्षभरानं तरतूद थांबली, सभा थांबल्या, तक्ते गोदामात गेले. सभा थांबल्या म्हणून मी थांबले. माझी मी थांबले नाही.

धाकट्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्या हाती लागू नये म्हणून हे कागद लिहून झाले की फाडायचे, असं ठरवलंय. आज लिहायला बसायचं कारण एवढंच की परवा नर्सीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होते, तर एक माणूस जवळ आला. केस पिकलेले, बरोबर तरणी पोरगी, हातात तिची बॅग. मी ओळखलं नाही. त्यानंच आठवण दिली, तो त्या तांड्यावरचा, कोपऱ्यात बसलेला. ही तीच पोरगी, कोठीच्या मागं लपणारी. तिला नर्सिंगला घालायला तो स्वतः नांदेडला निघाला होता. पोरगी लाजत म्हणाली, घरी सगळे म्हणतात, बाबानं मला लाडावून ठेवलंय. तो हसला, मग जरा गंभीर झाला आणि मला विचारलं, "मॅडम, ती तुमची गोष्ट मी कधी विसरलो न्हाई. पुढं बोलले का तुमचे वडील तुमच्याशी? घेतलं का जवळ कधी?"

मी म्हणाले, "हो. शेवटी शेवटी घ्यायला लागले होते."

त्याला फार बरं वाटलं. पोरीकडं बघून म्हणाला, "बघ, माणूस सुधरतो." पोरगी माझ्याकडं बघत होती, मीही तिच्याकडं बघून हसले.

अप्पा, बस यायला अजून वेळ होता. पंचवीस मिनिटं तरी होती. मी त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.